मुंबई ते लंडन, साडेचार तास

तलासरीत त्यांना समोर सगळे काका म्हणत आणि पाठ वळली की 'साडेचार'. नाक्यावर कुणालाही "साडेचारांचं घर कुठं?" असं विचारलं, तर माणूस हसतच हात दाखवायचा. बदली होऊन आले त्या दिवशी मीही दोन बॅगा घेऊन असाच पत्ता विचारत गेले. मला वाटलं, आडनाव असेल. माणसांची काहीही आडनावं असतात. दारात उभ्या असलेल्या गृहस्थांना मी साळसूदपणे विचारलं, "साडेचारकाका तुम्हीच का?" ते चिडले नाहीत. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "आता तं साडेपाच झाले. या."

मी जमीन मोजणारी बाई. सोलापूरकडची. सरकारी मोजणीच्या कामासाठी तलासरीला आले आणि काकांच्या वरच्या दोन खोल्यांत राहिले. काका एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीमागे बसून गाड्या सोडायच्या आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, पण माइक काही सुटला नव्हता. सकाळी जिन्याखालून आवाज यायचा, "मोजणीवाल्या मॅडम, गरम पाणी फलाट एकवर लागलेलं आहे." काकूंचं पीठ मळायचं राहिलं असेल तर "भाकरी थोड्या उशिराने सुटेल" अशी सूचना. पाहुण्यांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार, जलद आणि मुक्कामी. माझी आई येऊन पंधरा दिवस राहिली, तेव्हा ती निघेपर्यंत तिला ते 'मुक्कामी गाडी' म्हणत होते. आईलाही ते आवडायचं.

किलोमीटर त्यांना मान्य नव्हते. एसटीचं तिकीट टप्प्यावर ठरतं आणि सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणून जगातलं सगळं अंतर टप्प्यातच सांगायचं. माझं ऑफिस "पाव टप्पा नाय". मी उधव्याला मोजणीला निघाले की किती टप्पे, कुठं उतरायचं आणि परतीची शेवटची गाडी कुठली, हे न विचारता सांगणार. माझ्या कामाची मात्र त्यांना बिलकूल किंमत नव्हती. "तुमचं मशीन गुंठे मोजतं. गुंठ्यात कोण प्रवास करतो काय?" असं म्हणायचे. मी जमिनीच्या हद्दी ठरवत फिरते, दोन सख्ख्या भावांमधल्या वितीभर पट्ट्यावरून माणसं माझ्यासमोर एकमेकांच्या अंगावर जातात, आणि हे म्हणणार की हे कसलं अंतर. मला राग यायचा. आता वाटतं, बरोबरच म्हणायचे.

गाडी वेळेवर सोडायची, हा त्यांचा धर्म. कुणाची ओळख नाही, कुणाची भीड नाही. काकू उधव्याच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाल्या तेव्हा नवऱ्यासाठी डबा करता करता उशीर झाला. त्या वेळची गोष्ट काकू हसत हसत सांगायच्या. "बाय, डबा ह्यांचाच. तो हातात घेऊन मी हाका मारत पळते, नि हे वर बसून माइकवर बोलतात, उधव्याला जाणारी गाडी सुटली. माझ्याकडं बघतात नि बोलतात." मग पुढची गाडी दुपारी. तोवर काकू स्टँडवरच्या बाकावर बसून राहिल्या आणि तो डबा दोघांनी मिळून खाल्ला. "तवाच बोलले मला, तुझ्यासाठी थांबवली असती तं उद्या सगळ्यांसाठी थांबवायला लागली असती." हे सांगताना काकूंच्या बोलण्यात तक्रार नसायची, उलट थोडा अभिमानच असायचा.

आता ते साडेचार कसे झाले, ते सांगते. ही हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी काकूंकडून कळली.

त्यांना एकच मुलगी. नर्सिंग शिकली, वापीला नोकरीला लागली आणि मग तिला लंडनच्या हॉस्पिटलात काम मिळालं. काकूंनी साफ नाही म्हटलं. त्याला कारण होतं. काकूंचा धाकटा भाऊ मस्कतला कामाला गेला होता. तो तिकडे असताना त्यांची आई आजारी पडली. ती रोज दाराकडे तोंड करून पडायची आणि विचारायची, तो कुठवर आला. तो आलाच नाही. आला तो तेराव्यालासुद्धा नाही, त्यानंतर. "माझी आय वाट बघून बघून गेली. डोळे मिटवायला लागले हातानं," काकू म्हणायच्या. म्हणून मुलीच्या बाबतीत त्यांचा एकच प्रश्न होता. पगार किती, राहायचं कुठं, काही नाही. बोलावलं तर किती वेळात येईल, एवढंच.

काकांनी तिकीट पुढ्यात ठेवलं. काकूंना आकडे वाचता येत होते. मुंबईहून दुपारी दीडला सुटणार, लंडनला संध्याकाळी सहाला पोचणार. काका म्हणाले, "मोज." काकूंनी बोटांवर मोजलं. साडेचार तास. "तलासरीहून एअरपोर्टला जायला चार तास लागतात, ट्रॅफिक असलं तं पाच. तिथून लंडन साडेचार. म्हणजे पोरगी पुण्याला हाय असं समज," काका म्हणाले. काकूंनी पुन्हा एकदा मोजलं आणि हो म्हटलं.

आता लंडनचं घड्याळ आपल्या मागे असतं, हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. विमान हवेत असतं नऊ तास, घड्याळात दिसतात साडेचार. आणि उलट येताना तिकडून रात्री नऊला सुटलं की इकडे दुसऱ्या दिवशी अकराला उतरतं, म्हणजे घड्याळात चौदा तास. हे काकांना अख्ख्या तलासरीने समजावलं. त्यांचं एकच उत्तर. दीडला सुटते, सहाला पोचते, किती झाले?

चहाच्या टपरीवर हा रोजचा खेळ होता. टपरीवाला गुजराती. काका दिसले की विचारायचा, "केम काका, दीकरी पोंची गई?" म्हणजे पोरगी पोचली का, आणि बाकावरची मंडळी कोरसात म्हणायची, "साडेचार तासात." एकदा हायस्कूलच्या एका गुरुजींनी मनावर घेतलं. शेजारच्या हातगाडीवरून एक चिकू आणला, मोबाइलचा टॉर्च लावला, चिकूवर पेनाने दोन ठिपके काढले, एक मुंबई, एक लंडन, आणि चिकू हळूहळू फिरवत दिवस कसा आधी इकडे उगवतो मग तिकडे, हे फार छान समजावलं. मी तिथेच होते. आमच्या भूगोलाच्या बाईंनीही इतकं छान शिकवलं नव्हतं. काकांनी शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं. मग गुरुजींच्या हातातला चिकू घेतला, सोलला, खाल्ला, आणि बी थुंकून म्हणाले, "गोड हाय. पण साडेचारच." टपरी हसून लोळायची बाकी राहिली. गुरुजींनी हात जोडले.

मीही काही कमी हट्टी नाही. मुलगी सुट्टीवर येणार असली की मी मोबाइलवर विमानाचा नकाशा उघडून त्यांच्यासमोर धरायची. त्यावर विमानाचा मार्ग दिसतो. सरळ नाही, वर चढून कमानीसारखा खाली येणारा. "हा ड्रायव्हर सरळ रस्ता सोडून वळसा कशाला घेतो? डिझेल कोण भरतो?" काकांची शंका. मी म्हटलं, पृथ्वी गोल आहे, गोलावर तेच सगळ्यात जवळचं अंतर, बहात्तरशे किलोमीटर. क्षणात म्हणाले, "बाराशे टप्पे." म्हणजे हिशोब कळत होता माणसाला, त्यात कुठे चूक नव्हती. आणि इतका हिशोब कळणाऱ्या माणसाला घड्याळ कळू नये, याने मी अधिकच वैतागायची.

एकदा तर मी खरंच चिडले. मुलगी यायच्या दिवशी सकाळी साडेसहाला काकांनी अंगणात उभं राहून घोषणा केली, "लंडन–मुंबई विनाथांबा गाडी आत्ता सुटलेली आहे." काकू आत चुलीपाशी होत्या. त्यांनी लगेच घड्याळ बघितलं आणि बोटांवर मोजायला लागल्या, साडेसहा ते अकरा. मी वरून मोबाइल घेऊन धावत आले. "काका, काय सुटली? विमान रात्रीच निघालंय. हे बघा, अर्ध्याहून जास्त रस्ता झालाय." काकांनी माझ्या हातातला मोबाइल घेतला, पालथा केला आणि कठड्यावर ठेवला. "मॅडम, तुमची गाडी सुटेल. मोजणीला जा." आवाज एकदम वेगळा. मी गेले. रस्ताभर मनात म्हणत होते, म्हातारा हेकट आहे, उगीच तोंड वाजवू नये.

मुलगी दोनदा अशी येऊन गेली. तिसऱ्यांदा यायच्या आधी काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला.

डहाणूच्या एका खाजगी दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मी रजा टाकून काकांबरोबर गेले. दुसरं कोण होतं त्यांना? सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं, मुलीला बोलावून घ्या. आणि आम्ही आत आलो तर काकू तोंडावरचा मास्क बाजूला करून तेच म्हणत होत्या. "तिला बोलवा."

काकांनी व्हरांड्यातून फोन केला. मी शेजारी उभी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. मुलगी रडत होती. तिला त्या दिवशी रात्रीच्या विमानाचं तिकीट मिळत होतं, म्हणजे इथे पोचायला उद्याची दुपार. त्याआधी काही नाही. "घे तेच," काका म्हणाले आणि फोन खिशात टाकून आत गेले. काकूंच्या उशाशी स्टूल ओढून बसले. मी दाराशी. मला वाटलं, आता सांगतील उद्या येईल म्हणून. ते म्हणाले, "गाडी मिळाली. नऊला सुटते तिथून. दीड-दोनला मुंबई, मग रस्ता. संध्याकाळच्या आत तुझ्यापाशी." काकूंनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली.

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. माझा आवाज चढला होता. "काका, आता तरी पुरे. ती उद्या येणार आहे. घड्याळाचा फरक—"

"मला शिकवू नका मॅडम." ते भिंतीला टेकले. "आयुष्य गाड्या सोडण्यात गेलं. दोन स्टँडची घड्याळं जुळत नसली तं काय होतं, येवढं मला नाय कळणार?"

मी त्यांचा धरलेला हात सोडला. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"तिकीट पुढ्यात ठेवलं तवाच माहीत होतं. दुसरं काय दाखवणार होतो तिला? पोरीनं जायला पायजे होतं, नि हिनं जगायला पायजे होतं."

"मग नाक्यावर कशाला भांडायचात सगळ्यांशी? हसायचे लोक तुम्हाला."

"नाक्यावर बोललेलं घरात यायला किती वेळ लागतो?" ते म्हणाले. "एक दिवस जरी मी हो बोललो असतो, तं संध्याकाळी कोणी तरी हिला येऊन सांगितलं असतं."

मला तो चिकू आठवला, पालथा घातलेला मोबाइल आठवला, आणि मी बाकावर बसून रडले. काका नाही रडले. त्यांना आत जायचं होतं.

त्या दिवशी त्यांनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. दुपारी त्यांनी काकूंना सांगितलं, उतरली. मग म्हणाले, सामान यायचं हाय, पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा सारख्याच. मग टॅक्सी मिळाली. मग निघाली. काकू डोळे मिटून ऐकत आणि मधूनच विचारत, "कुठवर आली?" प्रत्येक वेळी काका घड्याळ बघून, जणू खरोखर वायरलेसवर खबर आल्यासारखं, सांगत. दहिसर. घोडबंदरचा फाटा. वर्सोव्याच्या खाडीपुलावर जाम, नेहमीसारखा. काकूंनी फोन लावून द्या असं खुणेने सांगितलं, तर म्हणाले, "डोंगरात रेंज नाय लागत." काकूंना ते पटलं, कारण नसतेच. खरं तर त्या वेळी मुलगी लंडनमध्ये आपल्या खोलीत बॅग भरत होती.

आणि काकू जाता जात नव्हत्या. त्यांनी पलंगाची कड धरून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले होते, दुपार काढतील असं वाटत नाही. दुपार गेली. काका टॅक्सी जितकी रखडवता येईल तितकी रखडवत होते. ज्या माणसाने कधी कुणासाठी गाडी मिनिटभर धरली नाही, तो वसईजवळ टायर पंक्चर करत होता, मनोरला ट्रक आडवा घालत होता, टॅक्सीवाल्याला जेवायला उतरवत होता. पाच वाजायच्या सुमाराला ते बाहेर आले आणि माझ्यापाशी उभे राहून हळूच म्हणाले, "मॅडम, रस्ता संपत आला हो. मनोरच्या पुढं किती अडवू?"

मी म्हटलं, "पुढे सरकू द्या."

आत आलो. काकूंनी विचारलं नाही, नुसते डोळे उघडले. काका त्यांच्या कानाशी वाकले आणि त्यांचा तो माइकवरचा आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "चारोटीला आली. हायवे सोडला. डहाणूच्या रस्त्याला वळली."

काकूंच्या चेहऱ्यावर ओळखीच्या माणसाला बघितल्यावर येतं तसं हसू आलं. "चारोटी आली म्हणजे आलीच," त्या म्हणाल्या. मग पलंगाच्या कडेवरचा हात सोडला, तो काकांनी धरला, आणि काकू म्हणाल्या, "चाय ठेवा. दमली असेल." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने नर्स आली, तिने मनगट धरून बघितलं आणि मास्क काढून घेतला. डोळे मिटवावे लागले नाहीत, ते मिटलेलेच होते.

आम्ही बाहेर आलो आणि काकांचा फोन वाजला. मुलगी विचारत होती, बाबा, मी आता एअरपोर्टला निघते, आई कशी आहे? काकांनी सांगितलं नाही. "ये. सावकाश ये," एवढंच म्हणाले.

बर्फाची पेटी मागवून काकूंना तलासरीला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली. नाक्यावरची सगळी मंडळी अंगणात होती. टपरीवाला होता, चिकूवाले गुरुजी होते. मुलगी आईपाशी बसली, तिच्या कपाळावर हात ठेवून खूप वेळ बसली. मग संध्याकाळी, सगळं आटोपून लोक गेल्यावर, ती ओसरीवर बापाशेजारी येऊन टेकली.

काका मागच्या दिवाळीच्या आधी गेले. तोवर माझी बदली होऊन मी दूर आले होते, आणि मला खबर मिळाली तीसुद्धा, "मॅडम, साडेचार गेले," अशीच. काकू गेल्यानंतर त्यांनी नाक्यावर कुणाला काहीच खुलासा केला नव्हता. मी एकदा म्हटलंही होतं, आता तरी सांगा लोकांना. "आता सांगून कोणाचा काय फायदा," असं म्हणून त्यांनी विषय बदलला. ते गेल्यापासून मला सारखी ती ओसरीवरचीच संध्याकाळ आठवते.

मुलीने विचारलं होतं, "बाबा, आईनं खूप वाट बघितली का हो माझी?"

काकांनी या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. खोटं बोलायची गरज नव्हती आता, म्हणून असेल.

"बघितली," ते म्हणाले. "पण लंडनपासून नाय बघितली, पोरी. चारोटीपासूनच बघितली."